वाईच्या घाटावर चार दिवस

वाई क्षेत्रीं आम्ही आजवर किती वेळां गेलों याचा हिशेब सांगतां येणार नाहीं. विद्यार्थिदशेंतील तीन वर्षें तेथेंच एका शास्त्रीबुवांच्या पायांशीं बसून गेलीं. पुढें पुण्यास शाळेंत नोकरी लागली, तरी वर्षांतून एक-दोन फेऱ्या ठरलेल्या असत. असें असूनहि यंदाच्या फाल्गुनांत आम्ही वाईस उतरलों ते तब्बल तीन वर्षांनीं. मध्यंतरीं जाणें कां झालें नाहीं याचीं कारणें आम्ही लोकांस निरनिराळीं सांगत आलों: कधीं गुडघे, कधीं घरचें कार्य, कधीं पाऊस. खरें कारण सांगणें थोडें अवघड आहे. तें पुढें ओघानें येईल.

पुण्याहून वाई सुमारें नव्वद किलोमीटर. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्यापाशीं हमरस्ता सोडला कीं उसाचीं व हळदीचीं शेतें लागतात, उजव्या हातास पांडवगड दिसूं लागतो आणि डोंगरांच्या कुशींत बसलेलें गांव हळूहळू जवळ येतें. पसरणीचा घाट चढून पांचगणी-महाबळेश्वरास जाणाऱ्या मंडळींस वाई म्हणजे वाटेवर चहा घेण्याचें ठिकाण. मोटार थांबवून ढोल्या गणपतीस हात जोडावे, दोन छायाचित्रें काढावीं व पुढें निघावें, इतकाच त्यांचा वाईशीं संबंध. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु हें गांव उभ्या उभ्या पाहण्याचें नव्हे, घाटाच्या पायरीवर बसून पाहण्याचें आहे.

कृष्णेचे घाट हेंच येथील खरें वैभव. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि पलीकडील सिद्धनाथवाडी, अशा सात वस्त्या नदीच्या दोहों कांठांस बसल्या आहेत. गणपतीचें देऊळ १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधिलें. त्याची पाठीमागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी त्या टोंकावर दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जावें, ही त्या कारागिरांची योजना. प्रत्येक आळीची कृष्णाबाई निराळी आणि प्रत्येकीचा उत्सवहि निराळा. १६५९ सालीं अफझलखानाचा तळ वाईस पडला असतां संकट टळावें म्हणून शेंड्ये घराण्यांतील एका सत्पुरुषानें कृष्णामाईस नवस केला व त्यांतून हा उत्सव निघाला, अशी आख्यायिका आहे. थंडी सरूं लागली कीं एका घाटामागून दुसऱ्या घाटावर मांडव पडतात. कीर्तन, पुराण, भजन व महाप्रसाद यांनीं नदीकांठ भरून जातो.

वाईची दुसरी ओळख विद्येची. पूर्वाश्रमींचे नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा येथलीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम याच गांवीं चाललें आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालीं बाहेर पडला. जें जें माणसास ठाऊक झालें तें तें विसरलें जाऊं नये म्हणून झटणाऱ्यांचें हें गांव. याच गांवांत आमचे ज्येष्ठ स्नेही आज स्वतःच्या मुलांचीं नांवें विसरून बसले आहेत.

त्यांस आम्ही पहिल्यापासून अण्णा म्हणतों. ते आमच्याहून सात वर्षांनीं वडील. आम्हांस शब्द चालवितां येईनात तेव्हां सायंकाळीं घाटावर बसवून अण्णाच आमच्याकडून रूपें घोकून घेत. अमरकोशाचीं तिन्ही कांडें त्यांस मुखोद्गत. शाळेंत चौतीस वर्षें संस्कृत शिकवून ते निवृत्त झाले. त्यानंतरहि आळींतील पांच-सहा मुलें रोज सकाळीं त्यांच्या ओसरीवर संथा घ्यावयास येत. २०१९ च्या सुमारास अण्णांस विसर पडूं लागला. एकाच सकाळीं भाजी दोनदां आणावी, सांगून झालेली गोष्ट लगेच पुन्हां सांगावी, असें होऊं लागलें. त्यांतच २०२० च्या २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. मुलांची संथा थांबली, देवळें मिटलीं, घाटावरची सायंकाळची बैठक मोडली. हळूहळू सर्वांचीं दारें उघडलीं तेव्हां अण्णांचें बोट धरून चालवावें लागत होतें. तपासण्या होऊन अल्झायमर हें नांव निश्चित झालें. रोग टाळेबंदीनें आला असें नव्हे. तो आधींच शिरला होता. परंतु जें चार वर्षांत गेलें असतें तें दीड वर्षांत गेलें, असें वहिनींस वाटतें, आणि गांव पुन्हां सुरू झाल्यावरहि संथेचीं मुलें परत आलीं नाहींत.

आतां आमचें कारण. तीन वर्षांपूर्वीं भेटावयास गेलों असतां निघतेवेळीं अण्णांचें मनगटी घड्याळ सांपडेना. "या गृहस्थांनीं घेतलें," असें ते ओरडूं लागले व आमची पिशवी त्यांनीं ओट्यावर उपडी केली. आळींतील चार माणसें जमलीं. घड्याळ शेवटीं तांदुळाच्या डब्यांत निघालें. हा रोगाचा खेळ आहे हें आम्हांस कळत नव्हतें असें नाहीं. तरी मन दुखावलें, आणि दुखावलेल्या मनानें पुढें निमित्तें शोधलीं. तीन वर्षें न जाण्याचें खरें कारण तें हें.

यंदा जाणें घडलें तेंहि आपण होऊन नव्हे. अण्णांचे धाकटे चिरंजीव पुण्यास असतात. ते एके दिवशीं घरीं येऊन म्हणाले, "काका, आईला तुम्हीच समजवा. बाबांना इकडे एखाद्या संस्थेंत ठेवूं. ती ऐकत नाहीं, आणि या वेगानें तीच आधीं जाईल." मुलगा वाईट नाहीं; रोज दोनदां फोन करतो, औषधपाण्यास कमी पडूं देत नाहीं. तेव्हां त्याचा वकील होऊन आम्ही वाईस निघालों.

वाड्याशीं पोंचलों तों दारास बाहेरून कुलूप. परत फिरणार इतक्यांत आंतून आवाज आला, "कोण आहे? दार उघडा." आवाज अण्णांचा. आम्हीं आपलें नांव सांगितलें. आंत थोडा वेळ शांतता, मग उत्तर आलें, "तो पुण्यास असतो. चांगला मनुष्य आहे, पण हल्लीं येत नाहीं." आम्ही दाराबाहेरच्या पायरीवर बसलों आणि अण्णा दाराच्या आंत बसले. दहा-पंधरा मिनिटें अशीच गेलीं. नदीला पाणी किती, शाळा सुटली काय, दार कोणी लावलें, हेच प्रश्न ते फिरून फिरून विचारीत राहिले. वहिनी दुधाची पिशवी घेऊन आल्या. आम्हांस पाहतांच त्यांचा चेहरा उतरला. कुलूप काढतां काढतां म्हणाल्या, "काय करूं भावजी? दोनदां नदीकडे निघून गेले होते."

त्या चार दिवसांत त्या घराचा दिनक्रम आम्हीं पाहिला. दिवेलागणीस अण्णांची घालमेल सुरू होई. "घरीं जायचें आहे, आई वाट पाहत असेल," म्हणून ते उठत. वहिनी त्यांचा हात धरून ओसरीवरून माजघरांत, माजघरांतून परसांत, पुन्हां ओसरीवर, अशा फेऱ्या घालीत. रात्रीं तीन-चार वेळां उठणें. वहिनींचें वय सत्तरीकडे झुकलेलें, गुडघे सुजलेले. उत्सवाचें हळदीकुंकू त्यांनीं दोन वर्षांत पाहिलें नव्हतें. सख्ख्या बहिणीच्या नातवाची मुंज चुकली होती. पूर्वीं एका मुंजींत अण्णा भर पंगतींत उठून पुरोहितावर रागावले. त्यानंतर आमंत्रणें येत, तीं "तुम्हांला त्रास होईल, येऊं नका हो," अशा काळजीच्या शब्दांत गुंडाळून. पुढें तींहि थांबलीं. शेजारी भले आहेत. कोणी वाईट बोलत नाहीं. कोणी बोलतच नाहीं, इतकेंच.

तिसऱ्या प्रहरीं अण्णा निजले असतां आम्हीं चिरंजीवांचा निरोप काढला. वहिनींनीं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "ह्यांना विसर पडला तो रोगानें, भावजी. तुम्हां सगळ्यांना कशानें पडला?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वकिली तेथेंच संपली.

या विकारास मराठींत स्मृतिभ्रंश म्हणतात. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत क्रोधापासून निघालेल्या अधःपाताच्या साखळींत येतो, म्हणून पुष्कळांच्या मनांत नकळत असा समज असतो कीं, हें मनुष्याच्या स्वभावाचें किंवा पूर्वकर्माचें फळ असावें. तसें बिलकूल नाहीं. हा मेंदूचा रोग आहे. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०१ सालीं फ्रँकफुर्ट येथें एका एक्कावन्न वर्षांच्या स्त्रीस तपासलें. तिच्या मृत्यूनंतर मेंदूची परीक्षा करून १९०६ सालीं त्यानें तींतील विकृति विद्वत्सभेपुढें मांडली. आज जगांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोकांस या ना त्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची गणना. भारतांत साठी ओलांडलेल्यांपैकीं सुमारें ८८ लक्ष, म्हणजे शंभरांत सातांहून अधिक, असा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे.

एकटेपणाचा याच्याशीं संबंध दुहेरी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं या विकारास हातभार लावणारीं चौदा कारणें सांगितलीं. तीं सर्व दूर करतां आलीं तर सुमारें पंचेचाळीस टक्के विकार टळेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्या चौदांत माणसांपासून तुटणें हें एक आहे आणि कानांनीं कमी ऐकूं येणें हेंहि एक. बहिरेपणानेंच पुष्कळ वृद्ध चारचौघांतून उठून जातात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या दोहोंचें नातें कळतें. उलट बाजूनें, रोग जडल्यावर बोलणें अडखळतें, चूक होईल अशी लाज वाटते, लोकहि टाळतात. मग उरलेली भाषा वापरावांचून गंजते, भ्रम व चिडचिड वाढते. सांभाळणारे मनुष्य तर रोग नसतांहि त्याच कोठडींत पडतें. झोंप नाहीं, कोणाशीं दोन शब्द नाहींत. अशांमध्यें खिन्नता व शरीराचीं दुखणीं अधिक आढळतात, हें वैद्यांनीं वारंवार पाहिलें आहे.

"आतां त्यांना कांहीं कळत नाहीं, जाऊन उपयोग काय?" हें वाक्य आम्हींहि उच्चारलें आहे. अमेरिकेंत आयोवा येथील संशोधकांनीं २०१४ सालीं अल्झायमरच्या रुग्णांस आनंदाचीं व दुःखाचीं चित्रपटदृश्यें दाखविलीं. थोड्याच वेळांत दृश्यें त्यांच्या स्मरणांतून गेलीं. परंतु मनांत उठलेला आनंद किंवा खेद मागें रेंगाळत राहिला. म्हणजे आम्ही आलों होतों हें अण्णा विसरतील, पण आल्यानें जें बरें वाटलें तें लगेच पुसलें जाणार नाहीं. तीन वर्षें आम्हीं त्यांस काय नाकारलें तें हा प्रयोग वाचून कळलें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही अण्णांस घाटावर नेलें. वहिनी नको नको म्हणत होत्या. बोळाच्या तोंडाशीं तेहि अडून बसले. पण पायऱ्या दिसतांच पाय आपोआप उतरूं लागले. किती पायऱ्या, कोठली पायरी खचलेली, हें पायांस ठाऊक होतें. आम्ही जुन्या जागीं बसलों. बोलावयास कांहीं सुचेना, म्हणून आम्हीं शब्द चालविण्यास सुरुवात केली. देव झाला, हरि झाला. अण्णा नदीकडे पाहत होते. पुढें सखि शब्द घेतला व षष्ठीला मुद्दाम चूक केली, "सखेः" म्हटलें. अण्णा एकदम वळले: "सख्युः! किती वेळां सांगावें?" त्या आवाजांत पन्नास वर्षांपूर्वींचा दरारा होता. मग त्यांनींच संबोधनापर्यंत शब्द पुरा केला आणि आम्हांस पुन्हां पहिल्यापासून म्हणावयास लाविलें. लहानपणीं घोकलेलें पुष्कळदां सर्वांत शेवटीं जातें, असें वैद्य सांगतात. घोकंपट्टीस नांवें ठेवण्यांत आमचीहि कांहीं वर्षें गेलीं. तें मत आतां थोडें सैल झालें आहे.

तिसऱ्या दिवशीं महाप्रसादास गेलों. सर्व गोड झालें असें सांगितलें तर तें खोटें होईल. लाउडस्पीकरच्या आवाजानें अण्णा बावरले, "बंद करा" म्हणून ओरडले, पोरें हंसलीं. पंगतींत त्यांनीं शेजारच्या पानांतील भाजी उचलली. वहिनी अर्ध्यावर उठूं लागल्या. त्या शेजाऱ्यानें कांहीं न बोलतां आपलें पान अण्णांपुढें सरकविलें व वाढप्याकडे दुसरें मागितलें. तो अण्णांचा जुना विद्यार्थी, आतां बाजारांत दुकान चालवितो. जेवण झाल्यावर तो वाकून नमस्कार करतांना वहिनींस म्हणाला, "सर दिसत नाहींत हें लक्षांत होतें, पण यावें कीं न यावें कळेना." आमची खात्री आहे कीं निम्म्या गांवाचें हेंच उत्तर आहे.

त्याच्याच पुढाकारानें चार घरांनीं वार वांटून घेतले. दोन प्रहरीं चार ते सहा एकानें येऊन अण्णांपाशीं बसावें, बाहेर न्यावें. तेवढा वेळ वहिनींनीं निजावें, देवळांत जावें, नाहीं तर नुसतें बसावें. पंधरा दिवसांत एक घर गळालें, हेंहि नमूद करतों. तीन घरें चालू आहेत. दिवेलागणीची घालमेल बंद झालेली नाहीं. बाहेर फिरून आलेल्या दिवशीं ती उशिरा सुरू होते. संस्थेचा प्रश्नहि मिटलेला नाहीं. वहिनींचे गुडघे अगदींच थकले तर तो मार्ग घ्यावा लागेल, आणि त्यांत लाज मानण्याचें कारण नाहीं. मात्र तेथेंहि भेटावयास जाणारें कोणी हवें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण एकत्र कुटुंबांत राहतात, व "आमच्याकडे असें होत नाहीं" असें त्यांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसहि तसेंच वाटे. आमच्या मातोश्री शेवटचीं चार वर्षें आमच्याच बारा माणसांच्या घरीं मागच्या खोलींत होत्या. ताट वेळेवर जाई, औषध वेळेवर जाई; त्यांच्यापाशीं बसणारी मात्र एकच, आमची पत्नी. ती माहेरीं शेवटची केव्हां गेली हें आम्हांस तेव्हां सांगतां आलें नसतें. भरल्या घरांतहि एकांतवास असतो. तो पाहण्यासाठीं वाईपर्यंत जाण्याची गरज नव्हती.

म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विसर दिसूं लागला तर "वयानें होतें" म्हणून सोडूं नये, वैद्यास दाखवावें. ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य, खिन्नता, कांहीं औषधांचा परिणाम, यांनींहि विसर पडतो व तो उपचारांनीं सुधारूं शकतो. शाकाहारी घरांत ही ब-१२ ची उणीव विशेष आढळते. कान तपासून घ्यावे. घरांत सेवेचे वार वांटून घ्यावे, आणि त्यांत पुरुषांचीं नांवें असावीं. भेटीस गेल्यावर "मला ओळखलें का?" असें विचारून परीक्षा घेऊं नये, आपलें नांव सांगावें, जवळ बसावें, जुन्या ओळखीचें कांहीं बोलावें. मदत देणाऱ्या संस्थाहि आहेत, डॉ. जेकब रॉय यांनीं केरळांत १९९२ सालीं सुरू केलेल्या ए. आर. डी. एस. आय. या संस्थेच्या शाखा देशांत अनेक ठिकाणीं आहेत. हॉलंडांत लायडन येथें बेरे मीसेन या मानसशास्त्रज्ञानें १९९७ सालीं रुग्ण, त्यांचीं घरचीं माणसें व इतर लोक यांनीं एकत्र बसून कॉफी घ्यावी व मोकळेपणीं बोलावें, अशी बैठक काढली. ती प्रथा पुढें अनेक देशांत गेली. आपल्याकडे पार आहेत, ओट्या आहेत, घाट आहेत. जागा शोधावी लागणार नाहीं.

चौथ्या दिवशीं सकाळीं निघालों. गाडीस वेळ होता, म्हणून मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा व वसईच्या मोहिमेंतून आलेली ती मोठी घंटा पाहून यावी असा बेत होता. तो सोडून आम्ही ओसरीवरच बसलों. अण्णा शेजारीं होते. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, "आपण कोणीकडले?"

आम्हीं पुण्याचे म्हणून सांगितलें.

"पुण्यास आमचा एक मित्र असतो," ते म्हणाले. "भेटला तर येऊन जा म्हणावें."

सांगतों, असें आम्हीं म्हटलें. त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं सकाळच्या गाडीनें आम्ही वाईस जातों. अण्णा दर खेपेस नांव विचारतात, आम्ही सांगतों. मग दोघे घाटावर जाऊन बसतों.